बाड्याजवळचा झेंडेवाला: शिलाई पक्की, पण चिन्ह तुमचं तुम्हीच न्या

ग्वाल्हेरात झेंड्याचं काम जाणणारे हात आहेत. मानक ब्युरोच्या कसोटीला उतरणारा राष्ट्रध्वज बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी मध्य भारत खादी संघ याच शहरातला. निवडणुका जवळ आल्या की लष्कर या जुन्या बाजारभागातल्या गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत शिलाई मशिनी चालतात. हे परीक्षण मात्र तिरंग्याचं नाही आणि कुठल्या पक्षाच्या झेंड्याचंही नाही. महाराज बाड्यावरून टोपी बाजारात शिरल्यावर आतल्या अंगाला एक जुना झेंडेवाला आहे. त्याच्याकडून कचरावेचकांच्या संघटनेसाठी २ बाय ३ फुटांचे ६० झेंडे करून घेतले, त्या कामाचं हे परीक्षण आहे. दुकानाचं नाव देत नाही. तिथली बाकीची दुकानंही जवळपास याच रीतीनं काम करतात, त्यामुळे खाली लिहिलेलं कुठेही ताडून पाहता येईल.

आधी मत सांगतो: शिलाई उत्तम, कापडाची पारख उत्तम, छपाई बरी. चिन्हाच्या बाबतीत मात्र दुकानावर अजिबात विसंबू नका.

संघटना कुणाची ते सांगितलं की संगणकावर बसलेला मुलगा ‘सफाई’ असा शब्द टाकून चित्रं शोधतो. पडद्यावर झाडू येतो, तीन बाणांचा त्रिकोण येतो आणि चाकांचा डबा येतो. “दीदी, झाड़ू डाल दें?” हा त्याचा ठरलेला प्रश्न. त्याच्या मनात वाईट काही नसतं, शहरातल्या बहुतेकांची समजूतच तशी आहे. पण इथे ठामपणे नाही म्हणा. झाडू हे सफाई कामगाराचं हत्यार. सफाई कामगार पालिकेच्या नाहीतर ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो आणि त्याला पगार असतो, कमी का असेना. कचरावेचक बाई रस्ता झाडत नाही. ती वेचते, पांढरा कागद रद्दीपासून वेगळा काढते, बाटलीचं बूच आणि बाटली निरनिराळ्या ढिगात टाकते, आणि हा माल किलोवर विकते. तिला मजुरी कुणी देत नाही, जे मिळतं ते भंगाराच्या भावातून. झेंड्यावर झाडू आला की निवेदन घेणारा साहेब मागणीसुद्धा झाडूवाल्यांची समजून वाचतो. मागणी असते सुक्या कचऱ्यावरच्या हक्काची, ओळखपत्राची, निवडायला बसण्यासाठी छपराची. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकाची व्याख्या वेगळी दिली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. कायद्यानं वेगळी मानलेली ओळख आपल्याच झेंड्यावर पुसायची नाही. आणि झाडू हे आम आदमी पक्षाचं निवडणूक चिन्हही आहे, तो घोटाळा वेगळाच.

तीन बाणांचा त्रिकोण १९७० मध्ये गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्यानं एका स्पर्धेसाठी काढला. आज तो खोक्यावर असतो, बाटलीच्या बुडावर असतो. वस्तू पुन्हा वापरात येऊ शकते एवढंच तो सांगतो. ती वस्तू नाल्यातून वर कुणी काढली, हे त्यात कुठेच येत नाही. व्यवहारातली अडचणही आहे. पातळ कापडावर छपाई पाठीमागे उमटते आणि तिकडून बघणाऱ्याला बाण उलटे फिरताना दिसतात.

मग काय घ्यावं? पोतं आणि आकडी. आपल्याकडे या बायकांना ‘पन्नी बीनने वाली’ म्हणतात आणि त्यांची ओळख दुरूनही पटते ती पाठीवरच्या पोत्यावरून. चित्रकाराला प्रत्यक्ष पोतं दाखवा. भरलेल्या पोत्याचं तोंड पिळून खांद्यावर धरलेलं असतं, त्यामुळे वरच्या बाजूला चुण्या पडतात आणि बुडाशी ते एका बाजूला झुकतं. फुगा काढून त्यावर दोन रेघा मारल्या तर सांताक्लॉजची झोळी दिसते. आकडी म्हणजे साधारण २ फुटांची सळई, टोकाशी वाकवलेली, मुठीला चिंधी किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. त्या मुठीची जाडी चित्रात यायला हवी, नाहीतर आकडी छत्रीच्या दांड्यासारखी दिसते. माणूस काढायचाच असेल तर वाकलेली, दीनवाणी बाई नको. पोतं पाठीवर, कणा ताठ, मान समोर.

ब्राझीलमधल्या संघटनांची चित्रं बघून हातगाडी घ्यावी असंही कुणी सुचवतं. तिथे या कामगारांची ओळख हातगाडीशी जोडलेली आहे. तिथली राष्ट्रीय चळवळ २००१ मध्ये ब्राझिलियात उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी सरकारी व्यवसाय-यादीत या कामाला स्वतंत्र जागा मिळाली. तिथे गाडी शोभते. इथे ठेला ढकलतो तो फेरीवाला कबाडी. तो घरोघरी पैसे देऊन रद्दी घेतो. वेचणारीकडे ठेला क्वचितच असतो. तराजूचा विचार मात्र जरूर करावा. काटा मारणं ही या धंद्यातली रोजची तक्रार आहे आणि तराजू न्यायाचंही चिन्ह आहे. शिवाय तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे पाठीमागे उमटलेली छपाई खटकत नाही. मोकळा हात किंवा पंजा नको, तो काँग्रेसचा. सायकल समाजवादी पक्षाची, आणि उत्तर प्रदेश इथून फार लांब नाही.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक. भगवा घेतला की एक पक्ष, लाल घेतला की दुसरा, हिरवा घेतला की वस्तीत कुजबुज सुरू. निळ्याला बाबासाहेबांमुळे वेगळं वजन आहे. वेचणाऱ्यांत दलित कुटुंबं मोठ्या संख्येनं असल्यामुळे तो रंग बहुतेकांना आपला वाटतो. चंबळ पट्ट्यात निळा म्हटला की बसपाचा हत्तीही आठवतो, पण खाली दुसऱ्या रंगाचा पट्टा जोडला तर गोंधळ होत नाही. आमची निवड: वरचे १६ इंच गडद निळे, खालचे ८ इंच पोत्याच्या रंगाचे, म्हणजे फिकट खाकी. निळ्यावर पिवळं चिन्ह, खाकीवर निळी अक्षरं.

अक्षरांबद्दल दोन गोष्टी. पहिली, ‘कचरा’ हा शब्द झेंड्यावर हवा का, हे वस्तीत बसून आधी विचारून घ्या. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारानं जी संघटना उभी राहिली तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावात ज्याला बाजारात भाव आहे तो माल आहे आणि कष्ट आहेत, ‘कचरा’ हा शब्दच नाही. नाव ठरवताना हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. दुसरी गोष्ट छपाईची. इथे मजकूर हिंदीत असणार, म्हणजे जोडाक्षरं आणि मात्रा आल्याच. ३ इंच उंचीचं अक्षर साधारण ३० फुटांवरून सहज वाचता येतं. पण रेघेची जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर अनुस्वार गायब होतो, आणि शाई पसरली की ‘श्रमिक’मधल्या ‘श्र’चं पोट भरून तिथे नुसता ठिपका उरतो. दुकानातला नेहमीचा बारीक-जाड वळणाचा टाइप घेऊ नका. सगळीकडे एकाच जाडीचं ठोकळेबाज अक्षर मागा आणि दोन शब्दांपेक्षा जास्त मजकूर टाकू नका.

आता कापड. दुकानदार आधी रोटो दाखवतो. ते पॉलिस्टर असतं, चमकतं, स्वस्त असतं आणि हलक्या वाऱ्यावरही फडकतं. एका दिवसाच्या मोर्च्यासाठी चालेल. पण त्यावर साधी पिगमेंट शाई नीट बसत नाही, चोळली की पापुद्रे सुटतात. रोटो किंवा साटनवर छापायचं तर उष्णतेनं रंग धाग्यात उतरवणारी सब्लिमेशन छपाईच हवी, आणि तीही पांढऱ्या किंवा फिकट कापडावरच जमते. आम्ही सुती पॉपलिन घेतलं, ४४ इंच पन्ह्याचं. जरा जड आहे, पण छपाई धरतं, घामानं अंगाला चिकटत नाही आणि फाटलं तर घरी टाका घालता येतो.

हिशेब असा. तयार झेंड्याची लांबी ३६ इंच. काठीच्या नेफ्यासाठी मागे वळवायला सव्वादोन इंच, त्याची दुमड अर्धा इंच आणि फडकत्या टोकाची दुहेरी दुमड १ इंच धरून पावणेचाळीस इंच लागतात, म्हणजे पन्ह्यात आडवं आरामात बसतं. उंचीला निळ्याचे १६ अधिक १ दुमडीचा अधिक पाऊण जोडाचा, असे पावणेअठरा. खाकीचे त्याच रीतीनं पावणेदहा. ६० झेंड्यांना निळं २७ मीटर आणि खाकी १५ मीटर होतं. आटणं आणि कातरण यांसाठी ५ टक्के जास्त धरून २९ आणि १६ मीटर घ्या. दुकानदारानं ५० मीटरच्या वर आकडा सांगितला तर कापणी कशी करणार ते कागदावर काढून मागा.

इथेच पहिला दोष निघाला. निळं कापड आटवलेलं होतं, खाकी कोरं. दोन्ही तसेच जोडले असते तर पहिल्या धुण्यात खाकी आटून जोडाच्या रेषेवर चुण्या पडल्या असत्या. नमुन्याच्या झेंड्याला नेमकं तेच झालं. मास्टरनं चूक लगेच मान्य केली आणि दोन्ही थान रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापले. कोरं कापड ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे ३६ इंचांत इंच ते पावणेदोन इंच. ऑर्डर देताना “दोन्ही कापडं भिजवून कापा” हे पावतीवर लिहून घ्या. निळ्याचा रंग सुटतो का हेही तिथेच बघा. ओला पांढरा रुमाल वीस वेळा घासा. रुमालावर निळी झाक आली तर ते थान परत, कारण पुढे तोच रंग खाकीवर उतरणार.

शिलाईला मात्र दाद द्यावी लागेल. निळा-खाकी जोड दुहेरी दुमडीचा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी कडा झाकलेल्या, एकही धागा बाहेर नाही. टाके इंचाला नऊ-दहा. झेंडा नेहमी फडकत्या टोकाकडून विरतो. तिथे मास्टरनं न सांगता शिलाईच्या चार रांगा घातल्या आणि दोन्ही कोपऱ्यांत आतून त्रिकोणी ठिगळ दिलं. दोरा पॉलिस्टरचा वापरला. सुती दोरा ग्वाल्हेरच्या उन्हात कापडाच्या आधी कुजतो. ही समज वर्षानुवर्षांच्या कामातूनच येते.

छपाई स्क्रीनची, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई ओढून केलेली. दोन रंग, दोन स्क्रीन. गडद निळ्यावर थेट पिवळा मारला की तो शेवाळी दिसतो. आधी पांढऱ्याचा एक हात, तो सुकला की त्याच स्क्रीननं पिवळा, असं करावं लागतं. दुकानानं वेळ वाचवायला पांढरा थर गाळला होता, नमुना पाहिल्यावर घातला. दुसऱ्या हाताला स्क्रीन अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी कडेनं पांढरी किनार दिसते. ६० पैकी ७ झेंड्यांवर ती दिसते, पण दहा पावलांवरून जाणवत नाही म्हणून ठेवून घेतले. पिगमेंट शाई उष्णतेनं पक्की करावी लागते, साधारण १५० अंशांवर तीन-चार मिनिटं. लहान दुकानात भट्टी नसते, इस्त्रीनं काम भागवतात. इस्त्री उलट्या बाजूनं, एका जागी पुरेसा वेळ, वाफ बंद. घाईत इस्त्री नुसती फिरवली तर शाई सुकलेली दिसते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. झेंडे ताब्यात घेतल्यावर दोन-तीन दिवस थांबून एक झेंडा धुऊन बघा, तोवर पूर्ण पैसे देऊ नका.

चिन्ह कुठे बसवायचं यातही फसगत होते. दुकान ३६ इंचांचा मध्य काढतं, पण त्यातले सव्वादोन इंच नेफ्यात जातात, म्हणून दिसणाऱ्या भागात चिन्ह इंचभर काठीकडे सरकलेलं वाटतं. आमच्या मते ते मुद्दामच आणखी काठीकडे घ्यावं, काठीच्या कडेपासून १३-१४ इंचांवर मध्य. वारा पडला की झेंड्याचं बाहेरचं टोक घडी होऊन लोंबतं आणि मधोमध बसवलेलं पोतं त्यात बुडतं. काठीजवळचं चिन्ह तेव्हाही दिसत राहतं.

नेफ्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण सगळ्यांत जास्त झेंडे तिथे वाया जातात. दुकानाचा नेहमीचा नेफा दीड इंच रुंद, पाऊण इंची प्लास्टिकच्या नळीच्या मापाचा. बांबूची काठी १ इंच व्यासाची असली तरी पेरावर सव्वा इंच भरते. सव्वा इंच व्यासाचा घेर जवळपास ४ इंच, म्हणजे नेफा सपाट मोजला तर किमान २ इंच हवा. सव्वादोन ठेवला तर काठी न अडकता सरकते. वरचं तोंड शिवून बंद, खाली आतून ६ इंचांची नाडी, जी पेराखाली बांधता येते. नाडी नसेल तर झेंडा काठीवरून गोल फिरतो आणि चिन्ह पाठीमागे जातं. प्लास्टिकची नळी हलकी असते, पण उन्हात वाकते. काठी ५ फुटांची पुरे. झेंडा धरणाऱ्या बहुतेक बायका असतात, एका हाताला लेकरू असतं, आणि ८ फुटी बांबू तासाभरात खांदा भरून आणतो. मोर्च्याच्या परवानगीच्या अटीत लाठीवर बंदी असू शकते, विशेषतः भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीचा आदेश निघालेला असला तर. म्हणून काठी बारीक ठेवा आणि परवानगीचा कागद आधी वाचा.

एका गोष्टीसाठी या दुकानाला पूर्ण गुण. तिरंग्यावर संघटनेचं नाव छापून देता का, असं विचारणारे गिऱ्हाईक येतातच. इथे तोंडावर नकार मिळतो, आणि तो बरोबर आहे. राष्ट्रध्वजावर कसलीही अक्षरं छापणं १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात बसत नाही. मोर्च्यात तिरंगा न्यायचा असेल तर तो चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला, किंवा इतर झेंड्यांची रांग असेल तर रांगेच्या मध्याच्या पुढे. त्याच्यापेक्षा उंच दुसरा झेंडा नाही. सिंहांची राजमुद्रा संघटनेच्या झेंड्यावर किंवा ओळखपत्रावर टाकण्यालाही दुकान नाही म्हणतं. त्यासाठी २००५ चा कायदा आहे.

खर्च: कापड, शिलाई, छपाई धरून एका झेंड्याला १६५ रुपये, स्क्रीनचे प्रत्येकी ४०० वेगळे. रोटोवर हेच काम निम्म्याच्या आसपास झालं असतं. स्क्रीनचे पैसे दिलेत तर स्क्रीन मागून घ्या. नाहीतर दुकान ती धुऊन चौकट दुसऱ्या कामाला वापरतं आणि पुढच्या वेळी पुन्हा ४०० घेतं. वायदा दहा दिवसांचा होता, लागले चौदा. उशिराचा निरोप स्वतःहून आला नाही, ही तक्रार आहेच.

धुताना थंड पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणं. ब्रश छपाईवर मारू नका. घडी घातली की चिन्हावर आडवी भेग पडते, म्हणून झेंडा काढून काठीभोवती किंवा जुन्या नळीभोवती गुंडाळून ठेवा, छपाई बाहेरच्या अंगाला. शहराच्या कचराडेपोत, केदारपूरच्या ढिगावर, झेंडा लावून ठेवायचा असेल तर पॉपलिनचाही फार काळ निभाव लागत नाही. धूळ आणि धूर धाग्यात बसतो. तिथे वेगळा जुना झेंडा ठेवावा, नवा मोर्च्यालाच काढावा.

१ मार्च हा आंतरराष्ट्रीय कचरावेचक दिन. १९९२ मध्ये कोलंबियातल्या बारांकिया शहरात एका विद्यापीठाच्या आवारात वेचणाऱ्यांना बोलावून मारण्यात आलं, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. त्या दिवसाच्या फलकावर दुकानातला मुलगा ‘स्वच्छता दिवस’ टाइप करतो, तेव्हा मजकूर स्वतः लिहून न्या आणि छापायला जाण्याआधी पडद्यावर अक्षरन् अक्षर वाचा. या तारखेसाठी ऑर्डर २६ जानेवारी उलटल्यावर लगेच टाका. त्याआधी दुकान तिरंग्यांत बुडालेलं असतं. नमुन्याचा झेंडा ५ फेब्रुवारीपर्यंत हातात हवा, म्हणजे तो धुऊन, वाळवून, काठीत घालून बघायला आणि वस्तीतल्या बायकांना दाखवायला आठवडा मिळतो. आमच्या नमुन्यातली आकडी उलट्या हाताची होती, हे दुकानात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वस्तीत ते पहिल्या नजरेत दिसलं.